दचकण्याचा पगार

...नाही, पण तुम्हीच सांगा, दचकण्याचा पगार कधी कोणी घेतलाय का? टायपिंगचा घेतात, हिशेबाचा घेतात, नुसतं खिडकीबाहेर बघत बसण्याचाही घेतात, आमच्या मजल्यावर आहेत तसे दोघं, पण दचकण्याचा? मी घेत होते! रीतसर, महिन्याच्या महिन्याला, पाकिटात घालून! आणि आता सगळे मलाच विचारतात, 'अगं, पण तुझं झालं काय?' काय झालं म्हणजे? संपलं! विहीर आटते तसं आटलं! आता तुम्ही माझ्या कानाशी येऊन ताट आपटलंत तरी मी वळून बघेन आणि विचारेन, घासून झालं का? ...हसा, हसा. मला आता काही वाटत नाही, तुम्हाला सांगते.

पूर्वी वाटायचं हो! पूर्वी मला सगळंच वाटायचं. लिफ्टमधली ती बाई 'दार बंद होत आहे' म्हणाली की मी दचकायची. फोन थरथरला की त्याच्यापेक्षा मी जास्त थरथरायची. कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पेनचं टोपण काढलं, टक्, एवढंच, तर मी उत्तर विसरले. उत्तर विसरणं समजू शकते मी, पण मी प्रश्नही विसरले, आणि माझा चेहरा बघून सरही विसरले, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो... पास केलं बिचाऱ्यांनी. आमच्याकडे हे आईकडून आलंय. दाराची बेल वाजली की आई आधी 'अगं बाई!' म्हणते, मग दार उघडते, त्यामुळे दाराबाहेरचा माणूस दचकतो, तो दचकला की मी दचकते, आणि आतून आमचा दादा ओरडतो, 'माणूस आहे की भूत, ते तिघांनी मिळून ठरवा आणि दार लावून घ्या!'

तर अशी मी, आणि नोकरी लागली कुठे? तर नावांच्या व्यापारात! म्हणजे इंटरनेटवरची नावं. डोमेन म्हणतात त्याला. तुम्ही दुकान काढता, पाटी लावता, तशी इंटरनेटवर पाटी लावायची तर ते नाव आधी नोंदवावं लागतं, आणि ज्यानं आधी नोंदवलं त्याचं ते झालं, मग तुमच्या आजोबांचं का नाव असेना! तुम्हाला हवं असेल तर त्याच्याकडून विकत घ्या. आणि त्याला काही ठरलेला भाव नाही बरं का. बटाट्याला भाव आहे, सिमेंटला भाव आहे, ह्याला नाही. समोरच्याची गरज किती आणि आपला चेहरा किती कोरा, त्यावर सगळं. आमचे साहेब मधले. ज्याला नाव हवं त्याच्याकडून एक आकडा कबूल करून घ्यायचा, ज्याच्याकडे नाव आहे त्याला फोन करून कमीत कमीत घ्यायचं, आणि मधलं जे उरेल ते आपलं. दोन खोल्यांचं ऑफिस, खाली दातांचा दवाखाना, त्यामुळे दिवसभर जमिनीतून घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज, आणि मी दिवसभर खुर्चीत टुणुक टुणुक.

मला घेतलं होतं पत्रव्यवहाराला. भावाशी माझा काही संबंधच नव्हता! पण एक दिवस साहेब स्पीकरवर एका माणसाशी बोलत होते, मी कागद घेऊन शेजारी उभी, आणि त्या माणसानं भाव सांगितला, आणि नेमका त्याच क्षणी, काय नडलं होतं त्याला देव जाणे, आमचा प्रिंटर आपला आपण सुरू झाला! खर्रर्र! मी अशी दचकले म्हणता... श्वास सगळा आत, आणि 'अगं बाईऽऽ!' सगळं बाहेर. मग तिकडून बारीक आवाज, 'कोण... कोण होतं ते?' साहेब म्हणाले, 'आमच्या ऑफिसातल्या बाई आहेत.' 'त्या बऱ्या आहेत ना?' साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं, आणि तुम्हाला सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. म्हणाले, 'तुमचा भाव ऐकला त्यांनी.' मग तो म्हणतो, 'बरं... मग थोडं कमी करू या.'

झालं! दुसऱ्या दिवशी माझं टेबल फोनशेजारी! साहेब म्हणाले, 'तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं. बाकी आपोआप होतं.' आणि खरंच आपोआप व्हायचं हो! आकडा कानावर पडला की माझी 'अगं बाई!' ठरलेली. खोटी एकही नाही. मला खरंच धक्का बसायचा, की एका शब्दाचे एवढे पैसे? शब्दाचे? आम्ही घरी दिवसभर फुकट बोलतो! एक केक करणाऱ्या बाई होत्या, त्या भाव सांगून मोकळ्या झाल्या, मी दचकले, तर त्याच मला म्हणाल्या, 'अहो बसा, बसा, पाणी प्या,' आणि माझं पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी भाव अर्ध्यावर आणला होता. एकजण मात्र हुशार निघाला. ओरडला, 'ही नाटकं माझ्याकडे चालायची नाहीत!' त्याच्या त्या ओरडण्यानं मी अशी काही दचकले की हातातला कप सुटला, खळ्ळकन फुटला, आणि तो तिकडे रडवेला होऊन म्हणायला लागला, 'लागलं का? ताई, लागलं का? द्या हो काय द्यायचं ते!'

घरी सांगितलं तर आई हातातलं काम टाकून कमरेवर हात ठेवून उभी. 'दचकण्याचे पैसे? म्हणजे दचकायचं आणि वर पैसे? अगं मग मी लग्न झाल्यापासून ह्या घरात फुकट दचकतेय त्याचं काय? तुझ्या साहेबांना विचार, मागची थकबाकी देतात का!' दादा म्हणाला, 'आईला नेऊ नकोस. आई गेली तर लोक नावाबरोबर घरही देऊन टाकतील.'

पण रोज उठून दचकायचं म्हणजे काय खायचं काम आहे? सकाळी एक, दुपारी दोन, जेवणाच्या सुट्टीत एखादा फोन आला तर घास तोंडात ठेवून दचकायचं... माणूस किती दचकेल? आणि कमी कमी होत होत एक दिवस... गेलंच. आकडा आला, मी ऐकला, म्हटलं, बरं. पुढचा आला, म्हटलं, असेल. मोठ्यातला मोठा आकडा आला, तर माझं लक्ष टेबलावरच्या डागाकडे, की हा चहाचा की शाईचा. घरीही तेच! बेल वाजली की आई एकटीच 'अगं बाई!' म्हणते आणि मग माझ्याकडे बघते, गाण्यात साथ करणारी अचानक गप्प बसावी तसं. म्हणाली, 'तुला बरं नाहीये का?' दादानं तर एकदा दाराआडून 'भॉऽ' करून उडी मारली. मी म्हटलं, 'तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय.' तो घाबरून आईला बोलवायला गेला. मला काही वाटलं नाही, तुम्हाला सांगते. बटण मात्र लावून दिलं.

इकडे ऑफिसात सगळा धंदा माझ्या श्वासावर! भाव सांगणारे भाव सांगून थांबायचे, साहेब माझ्याकडे बघायचे, मी साहेबांकडे बघायची, आणि स्पीकरमधून आवाज, 'हॅलो? मग ठरलं समजू का?' साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, 'बाई, ह्या महिन्यात जमलं तर बघा. नाहीतर पत्रव्यवहाराला मला तशी कुणाची गरज नाही.' आणि मग त्यांनी उपाय काढला. आमच्या हिशेबाच्या ताई आहेत ना, फार सज्जन, मुंगी दिसली तर वळसा घालून जाणाऱ्या. त्यांना सांगितलं, की आकडा आला की मागून जाडी फाइल आपटायची. आता त्या काय करायच्या, आपटायच्या आधी माझ्या कानाशी वाकून विचारायच्या, 'आपटू का गं? सांभाळ हं, आपटतेय...' असं म्हटल्यावर कोण दचकणार? मी नाही दचकले. पण खाली दचकले! दातांचे डॉक्टर जिना चढून वर आले, बोटाला कापूस गुंडाळलेला. 'तुमचं काय चाललंय काय इथे? माझा पेशंट मला चावला!'

तर असं सगळं, नोकरी गेल्यातच जमा, आणि तेवढ्यात ते बिछानेवाले आले. मोठी कंपनी हो, गाद्या, उशा, बिछाने बनवणारी. त्यांना नाव हवं होतं 'निवांत'. बस्स, एवढाच शब्द, आणि पुढे ते डॉट वगैरे. आणि त्यांनी साहेबांना जो आकडा कबूल केला होता, तो मीच पत्रात टाइप केला होता. टाइप करताना शून्यं इतकी, की मला वाटलं बटण अडकलं. साहेब म्हणाले, 'नाही, बरोबर आहे.' आता ह्या निवांतचा मालक कोण? शोधलं तर एक आजोबा. आरामखुर्च्या बनवायचे, वेताच्या. दुकानाचं नाव 'निवांत'. दुकान बंद झालं, गुडघे धरले, पण कधीकाळी कुणीतरी नोंदवून दिलेलं ते नाव मुलगा सवयीनं दरवर्षी चालू ठेवत होता, फुलं येत नाहीत तरी कुंडीला पाणी घालतात ना, तसं.

साहेबांनी फोन लावला. स्पीकर सुरू. ताई फाइल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून माझ्यामागे उभ्या.

'आजोबा, तुमचं ते निवांत नाव आम्हाला विकत हवंय. काय घ्याल?'

'नावाचे कसले पैसे?' आजोबा म्हणाले. आवाज असा संथ, की दोन शब्दांच्या मध्ये जाऊन कुणीतरी चहा करून आणावा. 'माल तर काही उरला नाही. पण बघा, मला गच्चीच्या कोपऱ्यावर एक छत घालायचंय. पत्र्याचं. खाली बसून विणायला. घरात विणतो तर सूनबाईला वेताचा कचरा होतो, तिचंही बरोबर आहे. तर असं करा... बारा खुर्च्यांचे द्या.'

साहेब म्हणाले, 'खुर्च्यांचे?'

'मी पैशात मोजत नाही हो, मला गोंधळायला होतं. एक साधी आरामखुर्ची जेवढ्याला जायची, तशा बारा.'

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, बोटं चालवली, आकडा माझ्यासमोर धरला. तुम्हाला सांगते... बारा खुर्च्या! आणि तिकडे बिछानेवाल्यांची ती शून्यं! बारा खुर्च्यांत त्या शून्यांतलं एक शून्यसुद्धा आलं नसतं! आणि इतक्या महिन्यांनी, माझ्या पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी निघालं, पोटातून, छातीतून वर, आणि 'अगं बाईऽऽऽ!' खरी! अस्सल! ताईंची फाइल वरच राहिली!

साहेबांनी मला अंगठा दाखवला. डोळ्यांत पाणी हो त्यांच्या, आनंदाचं.

आणि फोनवर आजोबा, 'अरेरे... कोण आहे? पोरगी आहे का कुणी? घाबरली का ती? जास्त झालं का? बरं बाळ, नऊ. नऊ खुर्च्या. अर्धंच छत घालतो. मला एकट्याला कितीसं लागतं?'

'अगं बाई!' मी पुन्हा! कारण नऊ? अहो चढवायचं की उतरवायचं!

'बरं, बरं, सहा! छत नको, ताडपत्री बांधतो. ताडपत्रीही चांगली असते.'

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण दचकणं थांबतं का हो हात लावून? बोटांच्या फटींतून आलंच, 'अग्ग...'

'चार!' आजोबा तिकडे कासावीस. 'चारच द्या! ताडपत्रीचं काय घेऊन बसलात, माझ्याकडे मोठी छत्री आहे!'

आता मी श्वासच घेईनाशी झाले. म्हटलं, नको, आवाजच नको, मरायचं तर मरू. तर तेही नडलं! तिकडून काळजीनं, 'गप्प का झाली ती? रडतेय का? ए पोरी, रडू नकोस गं, तीन! तीन खुर्च्या. आणि छत्रीची एक काडी मोडलीय, ती मी बांधून घेईन. झालं का समाधान?'

साहेब घाईघाईनं म्हणाले, 'ठरलं! उद्या कागद पाठवतो!' आणि फोन ठेवला. ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. उभं राहून! 'बाई, तुम्ही परत आलात! आणि काय परत आलात! बारावरून तीन! मी तर एक वाक्य बोललो नाही!' ताई हळूच म्हणाल्या, 'साहेब, त्या आजोबांचं छत...' साहेब म्हणाले, 'छत्री आहे म्हणाले ना ते स्वतः?' आणि सगळ्यांना बर्फी मागवली... बर्फी की काय होतं ते, गोड होतं. मी खाल्लं. मला चवच लागली नाही. आत सगळं असं सुन्न, दाताच्या डॉक्टरांनी चुकून वरच्या मजल्यावर इंजेक्शन दिल्यासारखं.

मग मी काय केलं माहितीये? मी! जी लिफ्टमधल्या बाईला घाबरते! मी कागदपत्रांच्या बहाण्यानं जिन्यात गेले. जिन्यात दवाखान्याचे पेशंट बसलेले, सगळे गालाला हात लावून, त्यांच्यामधून वाट काढून एका पायरीवर बसले, आणि माझ्या स्वतःच्या फोनवरून आजोबांना फोन लावला.

'आजोबा, मी सकाळची. दचकणारी.'

'अगं! बरं वाटतंय का आता?'

'आजोबा, तुम्ही फार कमी सांगितलंत.'

'कमी? मग तू दचकलीस का?'

'कमी सांगितलंत म्हणूनच दचकले!'

आजोबा म्हणाले, 'स्वस्त ऐकून कुणी दचकतं का गं?'

'मी दचकते, आजोबा. काय करू?'

आणि मग मी सगळं सांगितलं, बिछानेवाले कोण, त्यांना नाव किती हवंय, आमचे साहेब मधलं सगळं ठेवतात ते, सगळं. शेजारी बसलेला एक सुजलेल्या गालाचा माणूस कान देऊन ऐकत होता, त्याला मी हात जोडले, त्यानंही एका हातानं जोडले. आजोबा म्हणाले, 'पण मी आता शब्द दिला ना? तीन म्हणून?' मी म्हटलं, 'कागद झालेला नाही. नाव अजून तुमचं आहे. उद्या तुम्ही फोन करा आणि सांगा, विचार बदलला.' 'आणि किती मागू? वीस?' मी म्हटलं, 'आजोबा, वीस नाही.' 'चाळीस? अगं चाळीस म्हणजे फार होतात, ठेवायच्या कुठे...' 'आजोबा! नाट्यगृह बघितलंय ना तुम्ही? ते भरेल इतक्या मागा!'

आणि मग, तुम्हाला सांगते, पहिल्यांदाच आजोबांचा आवाज, बारीक, 'अगं बाई...!'

आता तिकडचे दचकले!

म्हणाले, 'पण पोरी, तुझी नोकरी?' मी म्हटलं, 'तुम्ही आकडा सांगितलात की मी उद्या दचकेन. जोरात. म्हणजे कुणाला संशय येणार नाही. तुम्ही फक्त एक करा. मी कितीही दचकले तरी उतरायचं नाही. एक खुर्चीसुद्धा नाही. स्टूलसुद्धा नाही.' म्हणाले, 'कठीण आहे. मला पोरींचं घाबरणं बघवत नाही. पण कानात कापूस घालून बसतो.'

दुसऱ्या दिवशी फोन आला. ठरल्याप्रमाणे. साहेब खुशीत, स्पीकर सुरू, ताई फाइल घेऊन सवयीनं माझ्यामागे.

'मी विचार बदलला,' आजोबा म्हणाले. पाठ केल्यासारखं, एका सुरात. 'मला काल कळलं, की मी फार कमी सांगितलं. मला त्या ब... मला एका जाणकार माणसानं सांगितलं.'

माझ्या कानात घूंऽऽ. दवाखान्याचं की माझंच, कळेना. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. 'जाणकार? कोण जाणकार?'

'ते मी सांगणार नाही. ती म्हणाली नाही सांगायचं. म्हणजे तो! तो म्हणाला!'

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डागाकडे पाहिलं.

'बरं, मग आता किती खुर्च्या?' साहेबांचा आवाज साखरेतून घोळवून काढलेला.

आजोबांनी मोठा श्वास घेतला. 'एक नाट्यगृह.'

'...काय?'

'एक नाट्यगृह भरेल इतक्या. आणि,' इथे ते जरा थांबले, आणि हे मी सांगितलं नव्हतं हं, हे त्यांचं स्वतःचं, 'बाल्कनीसकट.'

बाल्कनीसकट!

साहेबांची मान गर्रकन माझ्याकडे. आता! आता माझी पाळी! आणि मी... काही नाही. अहो काहीच नाही! मी आतून ढकलतेय, ये, ये गं बाई, आत्ता ये, नाहीतर हे ओळखतील, नोकरी जाईल, आजोबा उघडे पडतील... आणि आत सगळं थंड. भीती होती का? असेल. पण ती आपल्या जागी बसून होती, उठायला तयार नाही. साहेबांनी ताईंना खूण केली. ताईंनी ह्या वेळी विचारलंसुद्धा नाही हो, सगळ्या ताकदीनं फाइल आपटली, धाड! खिडकीची काच निसटून खाली गेली, खळ्ळ! खाली दवाखान्यात कुणीतरी किंचाळलं, जिन्यात धाड धाड पावलं, डॉक्टर दारात, आता दुसऱ्या बोटालाही कापूस, 'आजही चावला! तोच!'

मी त्यांना म्हटलं, 'या, बसा.'

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. फोनवर हात ठेवला, जवळ आले, माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं, जसं खाली दवाखान्यात बघतात तसं. मग हळूच म्हणाले, 'ताई... ह्या दचकल्या नाहीत.'

'नाही,' ताई म्हणाल्या.

'काल बाराला दचकल्या. नऊला दचकल्या. सहाला दचकल्या, चारला तर श्वासच अडकला. आणि आज इतक्या खुर्च्यांना दचकल्या नाहीत.' साहेब घाम पुसायला लागले. 'म्हणजे... म्हणजे हा भाव बरोबर आहे की काय?'

ताईंनी फाइल नीट छातीशी धरली. त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, मी आजवर विचारलेलं नाही. शांतपणे म्हणाल्या, 'असणारच, साहेब. नाहीतर ही दचकली असती.'

साहेबांनी कॅल्क्युलेटर घेतला. एकदा हिशेब केला, दोनदा केला. बिछानेवाल्यांच्या शून्यांतून नाट्यगृह वजा केलं, बाल्कनी वजा केली, आणि खाली थोडंसं उरलं, केक कापल्यावर सुरीला लागतं तेवढं. फोनवरचा हात काढला आणि मेल्या आवाजात म्हणाले, 'ठरलं.'

तिकडे आजोबा, 'काय म्हणालात? थांबा, कापूस काढतो.'

झालं ते असं. छत झालं त्यांचं. पत्र्याचं नाही, चांगलं, कौलांचं, आणि सूनबाईही म्हणे दुपारची तिथेच येऊन बसते, कचऱ्यात. हे सांगायला फोन आला होता. खूप बोलले, बोलता बोलता आवाज भरून आला त्यांचा, म्हणाले, 'पोरी, तुला कसं वाटतंय?' आता काय सांगू? मला काही वाटलं नाही, तुम्हाला सांगते. म्हणजे वाटलं असणार, आत कुठेतरी, पण मला कुणी कळवलं नाही.

आणि परवा साहेबांनी आत बोलावलं. म्हणाले, 'बाई, मी विचार केला. खरेदीला आता तुमचा उपयोग नाही. पण विक्रीला आहे! विकताना समोरचा कितीही कमी भाव सांगो, आपण हलायचं नाही. आणि तुमच्याइतकं न हलणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. उद्यापासून विक्रीच्या टेबलावर.' मी म्हटलं, 'आणि पगार?'

'दचकण्याचा भाग अर्थातच कमी होईल,' असं म्हणून त्यांनी नवा पगार सांगितला. अहो, तो आकडा! इतका लहान! तो मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही पडाल खुर्चीवरून. साहेब सांगून थांबले, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसले. मीही वाट बघत बसले. म्हटलं, आता येईल. इतरांसाठी इतके दिवस आली, आता निदान एकदा माझ्यासाठी येईल! आत्ता येईल, हां, आली बहुतेक... नाही, ती ढेकर होती. ताई मागे फाइल उचलून उभ्या, त्यांनी तर ह्या वेळी कुणी न सांगता आपटली.

मी पापणीसुद्धा हलवली नाही.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, आकडा कागदावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि समाधानानं म्हणाले, 'बघा. म्हणजे रास्त आहे.'